खाप्यात उतरवून ठेवलेलं

सोरायसिस हा शब्द नीट उच्चारायला मला सहा महिने लागले, आणि तो चारचौघांत टाळायला एक दिवसही लागला नाही. कोपरावर रुपयाएवढा चट्टा उठला तेव्हा मी पन्नाशीचा होतो, आता एकसष्टचा आहे. अकरा वर्षांत तो कोपरावरून मनगटावर आला, तिथून पंजावर, मग गुडघ्यांवर आणि कानांमागे. लाल चट्टा आणि त्यावर पांढऱ्या खपल्या. मी जिथे बसेन तिथे खुर्चीखाली कोंडा पडायचा. नागपूरच्या मे महिन्यात, घरात कूलरसमोरसुद्धा, मी फुल बाह्यांचा शर्ट मनगटाचं बटण लावून घालायचो.

मी मनोहरराव. वजनमापे निरीक्षक म्हणून बत्तीस वर्षं नोकरी केली. पारड्याखाली चुंबक चिकटवलंय हे मी नुसतं दांडीचं डोलणं पाहून सांगायचो, आणि दुकानदार पाया पडायला लागले की आणखी चिडायचो. त्यामुळे स्वभावच असा झालाय की समोरचा गोड बोलला की माझी नजर त्याच्या हातांकडे जाते. पुढे पुढे लोकांची नजर माझ्या हातांकडे जायला लागली. एकदा एका किराणावाल्याने, मी तपासून ठेवलेली वजनं माझ्यादेखत ओल्या फडक्याने पुसून घेतली. त्याची वजनं बरोबर होती म्हणून वाचला, नाहीतर मी त्याला सोडलं नसतं.

आमची एकुलती एक मुलगी भूमिका. नागपुरातच सक्करदऱ्याला दिली, नवरा सौरव आणि सासू रंभाबाई. आम्ही दोघं नवराबायको इकडे शहराच्या टोकाला, बेस्याला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, म्हणून मी मागची खोली रंगवून घेतली, खिडकीला जाळी बसवली, पाळण्याचा हूकसुद्धा छताला ठोकून घेतला. आठव्या महिन्यात तिचा फोन आला.

"बाबा, बीपी वाढून राह्यलं माझं. दवाखाना इथून पाच मिनिटावर आहे. आई म्हणतात, इथंच होऊ द्या."

आई म्हणजे तिची सासू. मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि मनगटाकडे पाहिलं. बीपी! बत्तीस वर्षं मी लोकांच्या सबबी ऐकल्या आहेत, मला कोण शिकवतं? लेकराला या कोंड्यात ठेवायचं नाही, एवढंच त्यांना सरळ सांगता येत नव्हतं.

"तुम्ही उगाच मनात आणून राहिले," माझी बायको गोपिका म्हणाली. ती रोज सकाळी माझी चादर गच्चीवर नेऊन झटकते. अकरा वर्षांत त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही, आणि तिचं ते न बोलणंच मला जास्त लागायचं.

मार्चअखेर नात झाली. मी दवाखान्यात गेलो आणि खोलीच्या दारातच उभा राहिलो, दोन्ही हात खिशात घालून. रंभाबाई म्हणाल्या, "या न आत, घ्या न नातीले." मी म्हणालो, सर्दी आहे. भूमिकाने माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं. दुपट्यातून एक मूठ बाहेर आली होती, सुपारीएवढी. तिला उचलून घ्यावं असं इतकं वाटलं की घरी आल्यावर न्हाणीत नळ सोडून मी रडलो. एकसष्टाव्या वर्षी रडलो हे सांगायला मला लाज नाही. त्याच दिवशी ठरवलं, हात स्वच्छ झाल्याशिवाय या पोरीला शिवायचं नाही. तिने डोळे उघडून पहिल्यांदा जो आजोबा पाहायचा, तो असा असता कामा नये.

मग मी उपचार शोधायला लागलो. मोबाईलवर जवळपासचे दवाखाने शोधले आणि एकेकाकडे धाड टाकावी तसा गेलो. पहिला होमिओपॅथीवाला, मोबाईलच्या दुकानावर. त्याने दीड तास माझी स्वप्नं विचारली. मला स्वप्नं पडत नाहीत म्हटल्यावर त्यालाच वाईट वाटलं. दुसरं रिंग रोडवरचं पंचकर्म केंद्र. तिथे तेल लावणाऱ्या मुलाने माझे हात पाहिले, आत गेला आणि रबरी मोजे घालून आला. मी शर्ट चढवला आणि निघालो. तिसऱ्या ठिकाणी काय बरं करतात ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण बाहेर नवरीच्या मेकअपचा बोर्ड होता.

चौथ्या डॉक्टर दीक्षा, सक्करदऱ्यालाच, भूमिकाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. वय तिशीचं. तिने माझा पंजा उघड्या हाताने धरला, खपलीवर बोट फिरवलं, दिव्याखाली उलटसुलट करून पाहिलं. कित्येक वर्षांत परक्या माणसाने माझा हात असा धरला नव्हता.

"काका, हा आजार हात लावल्याने कोणाला होत नाही," ती म्हणाली. "मलम देते. आठवड्यातून दोनदा इथे येऊन मशीनचा प्रकाश घ्यायचा. त्याने नाही भागलं तर रक्त तपासून गोळ्या सुरू करू. आटोक्यात राहील."

"पण जाईल का? पूर्ण?"

"कायमचा जाईल असं मी सांगणार नाही. खोटं ठरेल ते. कमी होईल, कधी परत डोकं काढेल, पुन्हा दाबू. आणि नात झाली म्हणालात ना? घ्या की तिला. आजच घ्या."

खरा काटा तिच्याकडेच होता, हे आज मी कबूल करतो. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. आटोक्यात! मला आटोक्यात नको होता, मला तो नकोच होता. तिची चिठ्ठी घडी करून खिशात टाकली ती तशीच राहिली.

शेजारच्या गोपाळरावांनी सावनेरजवळच्या खाप्याचं नाव काढलं. "नत्थूजीकडे जा न गा. पुरा उतरवते तो, मुळासकट. माझ्या साळ्याचं गेलं न. आता पाहा त्याले, कसा गुळगुळीत झाला तं." मी विचारलं, साळा आता असतो कुठे? गोपाळराव जरा घुटमळले. म्हणाले, गाव सोडलं त्यानं, कोणाशी बोलत नाही. मी तेवढ्यावर जास्त विचार केला नाही. गुळगुळीत हा एकच शब्द माझ्या डोक्यात बसला होता.

मंगळवारी सावनेरची बस धरली, तिथून ऑटोने खापा. एप्रिलची दुपार होती. कन्हान नदी आटून वाळू उघडी पडली होती आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. नत्थूजीचं घर विणकरांच्या गल्लीत, शेवटचं. म्हातारा ऐंशीच्या आसपासचा, काटक, बोटं लांब. आतल्या खोलीत पूर्वी हातमाग होता. माग कधीच विकला, पण विणताना पाय सोडून बसायचा खड्डा जमिनीत तसाच होता, कमरेएवढा खोल. देवाचा फोटो नाही, उदबत्ती नाही. पैसे विचारले तर नको म्हणाला. फुकट काम करणाऱ्याचा मला जास्त संशय येतो, पण इतक्या लांब आलो होतो.

त्याने खड्ड्यात कोरं मांजरपाट अंथरलं, मला काठावर बसवून पाय आत सोडायला लावले आणि कसलंसं कडू वासाचं तेल माझ्या हातापायांना चोळलं. चोळता चोळता खपल्या आपोआप सुटून खाली पडायला लागल्या, दुखलं नाही की खाजलं नाही. सगळं झाल्यावर त्याने ते कापड गोळा करून गाठोडं बांधलं आणि आढ्याला टांगलेल्या तराजूच्या एका पारड्यात ठेवलं. दुसऱ्यात नदीतला गोटा होता, किलोभराचा असेल. गाठोडं अर्थातच वर गेलं.

"हे काहून तोलता?" मी विचारलं.

"किती उतरलं ते समजाले पाह्यजे. न तोलता ठेवलं तं आपलं वजन ते स्वताच ठरवते."

"तराजूवर शिक्का नाही तुमच्या."

"मंग तुम्हीच मारून द्या न," म्हातारा हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. निघताना येतो म्हणायचं नाही. मयतीच्या घरून निघतो तसं मुकाट निघायचं."

मी मान डोलावली. आपल्याकडे कोणी जातो म्हणत नाही. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेलो तरी येतो म्हणायचं, जातो म्हटलं की घरातल्या बायका अंगावर येतात. फक्त मयतीच्या घरून माणूस काही न बोलता उठतो, कारण तिथे येतो म्हणणं म्हणजे त्या घरात पुन्हा तसलं काही व्हावं असं म्हणणं. तेवढं मलाही माहीत होतं. मी मुकाट निघालो.

तीन दिवसांत कोपरं साफ झाली. गोपिका चादर घेऊन गच्चीवर गेली आणि झटकायला काही नाही म्हणून तशीच परत आली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला भूक लागली, चार पोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या मंगळवारी पहिलं गाठोडं खड्ड्यातच होतं, त्यात आणखी भर पडली. नत्थूजीने तोललं. पारडी बरोबर समोरासमोर उभी राहिली. मी उठलो. म्हटलं, हे मला पाहू द्या. दांडीचा मधला काटा पाहिला, दोऱ्या मोजल्या, गोटा इकडे आणि गाठोडं तिकडे ठेवलं. पुन्हा तेच. तराजू खरा होता, अगदी शिक्का मारावा असा. दोन मुठी कोंडा एका दगडाबरोबर तुलत होता. नत्थूजी माझ्याकडे न पाहता म्हणाला, "जास्त हात नका लावू त्याले. ओळखते ते."

या इथे मी थांबायला हवं होतं. बत्तीस वर्षांत असा काटा दिसला असता तर दुकानाला सील ठोकलं असतं. पण त्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारी एक पोरगी टेकून बसली आणि तिने जागा बदलली नाही. गुडघे आणि पंजे तेवढे राहिले होते. मी तिसऱ्या मंगळवारी गेलो.

तिसऱ्या खेपेला गाठोडं पारड्यात ठेवताच दाणकन खाली आलं आणि जमिनीला टेकलं. गोटा वर लोंबकळत राहिला. नत्थूजीने ते उचललं नाही. पायाने पारडं खड्ड्याकडे सरकवलं, गाठोडं आत घरंगळलं, आणि आत माणूस बूड टेकून बसतो तसा आवाज झाला. मी मात्र माझे हात पाहत होतो. पंजे कोरे. बोटांच्या पेरांवर, नखांभोवती, कुठेच काही नाही. अकरा वर्षांपूर्वीचे माझे हात मला परत मिळाले होते आणि मला सारखं हसू येत होतं. चपला घातल्या, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि तोंडातून निघून गेलं, "बरं नत्थूजी, येतो मी."

"हौ," आतून उत्तर आलं.

नत्थूजी माझ्याबरोबर दाराशी उभा होता, आणि त्याचे ओठ मिटलेले होते. आवाज खड्ड्याच्या खोलीतून आला होता. त्या आवाजात मी बत्तीस वर्षं दुकानदारांवर ओरडलोय, तो मला ओळखायला वेळ लागला नाही. तो माझा होता.

"सांगतलं होतं न तुम्हाले," नत्थूजी चिडून म्हणाला. "सांगतलं होतं न गा! इथं ज्याले टाकून चालले, त्याले वाटलं तुम्ही त्याच्या वतीनंच येतो म्हटलं. आता तो येईन."

"कुठं येईल? माझ्या घरी?"

"जिथं तुम्हाले जावं वाटते अन् तुम्ही जात नाही, तिथं." एवढं बोलून त्याने दार लावलं. आतून कडी घातली आणि मी हाका मारल्या तरी उघडलं नाही.

बसमध्ये बसून मी स्वतःची समजूत काढली. दुपारचं ऊन होतं, उपाशी पोट होतं, म्हातारा नाटकी होता. हात तर स्वच्छ होते ना! तरी लगेच भूमिकाकडे गेलो नाही. एकाच मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही ही जुनी सवय. चार दिवस बघू, चट्टा परत उठला नाही तर शनिवारी जाऊ, असं ठरवलं. नेमकं गोपिकाला ऊन लागून ताप आला, त्यामुळे तिच्याही सक्करदऱ्याच्या फेऱ्या बंद झाल्या.

बुधवारी गोपाळराव फाटकातूनच म्हणाले, "काय मनोहरराव, काल चार वाजता आवाज देऊन राहिलो तं वळून बी पाह्यलं नाही तुम्ही. अन् चक्क हाफ बाह्या? ते हात तसे उघडे टाकून? मले तं बरं वाटलं, मानलं तुमच्या हिंमतीले."

मंगळवारी चार वाजता मी सावनेरच्या बसमध्ये होतो. आणि माझ्याकडे हाफ बाह्यांचा शर्ट नव्हता, तो मी शनिवारसाठी विकत घेणार होतो.

गुरुवारी ताप उतरल्यावर गोपिका गॅलरी झाडत होती. "अहो, हात तं साफ दिसतात तुमचे. मंग हे अजून कुठून पडून राह्यलं?" माझ्या आरामखुर्चीखाली पांढऱ्या कोंड्याचा थर होता. त्या खुर्चीत मी सकाळपासून बसलो नव्हतो. बसायच्या पट्टीला हात लावला तर ती कोमट लागली. मी गोपिकाला म्हणालो, जुनं असेल. काय सांगणार होतो?

शनिवारी नवा शर्ट घातला, निळा, हाफ बाह्यांचा. आरशात हात वर करून पाहिले. सक्करदऱ्याला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. भूमिकाचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात मी तीनदा तळवे पँटला पुसले. माझ्या नातीला आज मी घेणार होतो, बाकी मला काहीच सुचत नव्हतं.

भूमिकाने दार उघडलं आणि हसली. "चष्मा विसरले म्हणून परत आले न? मी म्हटलंच, जिन्यातून वळणार."

मी नाकाला हात लावला. चष्मा नाकावर होता. आत टेबलावर दुसरा होता. डावी काडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला, दिवाळीपासून माझा बांधलेला आहे अगदी तसा.

"मी कधी आलो होतो?" मी विचारलं.

"आत्ताच तं गेले न, बाबा! असं काय करून राहिले? ऊन लागलं का?" तिने मला पंख्याखाली बसवलं. आतल्या खोलीत रंभाबाई कूलर लावून झोपल्या होत्या, बाळ दुपट्यात पहुडलं होतं. भूमिका दुपट्यावरून हाताने काहीतरी झटकत होती. पांढऱ्या बारीक खपल्या. ती बोलता बोलता झटकत होती, कपड्याला चिकटलेलं कुसळ काढावं इतक्या सहज. "मंगळवारपासून रोज येऊन राहिले. घरी आईले सांगू नको म्हणाले म्हणून मी फोनवर बी बोलली नाही. पहिल्या दिवशी किती रडले बाबा तुम्ही. मले म्हणाले, इतके दिवस लाज वाटली म्हणून नाही आलो. मी बी रडली. एवढं कधी बोलले नव्हते तुम्ही माझ्याशी."

"आणि तू बाळ दिलंस? त्या तसल्या हातात?"

"कसल्या हातात?" तिला खरंच कळलं नाही. मग कळलं आणि तिचा आवाज चढला. "तुम्हीच नाही का सांगतलं, डॉक्टर म्हणते हात लावून होत नाही म्हणून? अन् नसतं सांगतलं तरी दिलं असतं. माझ्या बाबाचे हात आहेत ते. दवाखान्यात तुम्ही खिशात हात घालून दारात उभे राहिले, तेव्हा मले वाटलं तुम्हाले मुलगीच नको होती."

"अन् बाळंतपण इथं केलं ते?"

"बीपी होतं, बाबा. एकशेसाठ होतं. सगळे कागद दाखवू का?"

तिच्या घरात मला कोणीही हाकललेलं नव्हतं. ज्या हातांची मला किळस होती, त्यांची तिला कधी नव्हती. आणि पाच दिवस ते हात इथे येऊन, माझ्या नातीला घेऊन, माझ्या लेकीजवळ माझं मन मोकळं करून जात होते. मी घरी बसून चट्टा परत उठतो का ते पाहत होतो.

"दे," मी म्हणालो. "मला दे एकदा."

तिने बाळ उचलून माझ्या हातात दिलं. किती हलकं होतं ते. मानेखाली तळवा धरला, तिचं डोकं माझ्या मनगटावर टेकलं आणि ती किंचाळली. भुकेने रडतात तसं नाही. लेकरू घाबरल्यावर श्वास अडकून जे रडतं, तसं. चेहरा लाल, मुठी आवळलेल्या, पाठ ताणलेली. मी थोपटलं, ती आणखी रडली.

"अगं अगं, काय झालं? रोज तं कशी गप्प पडून राहते आजोबाच्या..." भूमिका पुढे झाली आणि तिची नजर माझ्या हातांवर गेली. ती थांबली. तिने माझे पंजे पाहिले, मनगट पाहिलं, निळ्या बाहीखालचं कोपर पाहिलं. आत्तापर्यंत तिचं लक्षच नव्हतं गेलं.

"हे..." ती म्हणाली. "आत्ता पंधरा मिनिटांपूर्वी तुमच्या हाताले..."

"बरं झालं. औषध घेतलं मी. खाप्याला."

"पंधरा मिनिटांत?"

ती एक पाऊल मागे सरकली. अकरा वर्षं मी दुकानदारांच्या, बसमधल्या बायांच्या, तेल लावणाऱ्या त्या मुलाच्या डोळ्यांत जी नजर पाहिली होती, ती माझ्या लेकीच्या डोळ्यांत मी कधी पाहिली नव्हती. ती आज पाहिली, आणि माझे हात अगदी स्वच्छ होते.

"भूमी, मी आहे वं," मी म्हणालो. "मी तुझा बाप आहे." माझा आवाज मलाच पढवल्यासारखा वाटला.

खाली जिन्याचं फाटक वाजलं. चपलांचा आवाज वर यायला लागला, सावकाश, गुडघा दुखणारा माणूस चढतो तसा. पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबला, पुन्हा निघाला. माझ्या हातातलं बाळ रडायचं थांबलं. तिने मान दाराकडे वळवली, महिन्याच्या लेकराला वळवता येईल तेवढी, आणि मूठ सोडली.

"भूमे, माहा चष्मा राह्यला वं टेबलावर," बाहेरून माझा आवाज आला. त्यात हसू होतं. मी तिच्याशी असा हसून कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

भूमिकाने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला भीती वाटत होती, आणि ती कोणाची हे कळायला मला निरीक्षक असायची गरज नव्हती. तिने दोन्ही हात पुढे केले, बाळाच्या मानेखाली हात घालून ते माझ्याकडून अलगद काढून घेतलं, छातीशी धरलं, आणि माझ्याकडे पाठ न करता, मागे मागे जात, दार उघडायला गेली.